प्रकरण चौदावे: जो आत, तो गात

"कागदावर काय, कुणीही गाडी लावतं," असं म्हणून बाबांनी मामाचा नकाशा नीट घडी घालून मामाच्याच खिशात परत सारला आणि सगळ्या घराला मैदानावर चलायला सांगितलं.

मैदान म्हणजे बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलचं. गल्लीच्या टोकाला, तारेच्या कुंपणातलं. एरवी तिथे शिकाऊ मंडळी रिव्हर्स घेता घेता नारिंगी शंकू लोळवत असायची आणि बाबा शेजारच्या सीटवर, पायाखालच्या दुसऱ्या ब्रेकवर बूट टेकवून, "घाई नाही, घाई नाही" करत असायचे. आज सुट्टी होती. आज तिथे बाथरूम होणार होतं.

"खडूनं?" मामानं विचारलं. तो अंतर्गत सजावटीची कामं करायचा आणि हा नकाशा काढण्यात त्याचे दोन रविवार गेले होते.

"खऱ्या मापानं," बाबा म्हणाले. "माणूस आत उभा राहिला की आपोआप कळतं कुठे घासतंय ते."

भिंगरीला हे भयंकर आवडलं. तशी गेल्या आठवड्यापासून तिला सगळंच भयंकर आवडत होतं. शाळेच्या वादविवाद स्पर्धेत ती पहिली आली होती, आणि तेव्हापासून तिची खात्रीच पटली होती की घरातले सगळे प्रश्न इतकी वर्षं फक्त तिच्या मताची वाट बघत ताटकळले होते. हा प्रश्न तर फारच जुना होता. घरात माणसं पाच आणि बाथरूम एक. आई-बाबांच्या खोलीला लागून अडगळीची खोली होती. आजोबा गेल्यावर तिच्यातलं सामान हळूहळू कमी झालं आणि आता तिथे त्या दोघांचं स्वतःचं बाथरूम करायचं ठरलं होतं. मामा त्याला मास्टर बाथरूम म्हणायचा.

"मास्टर म्हणजे मालक ना?" आजी सकाळीच म्हणाली होती. "मग आधी मालक कोण ते ठरवा, फरशी मागाहून ठरेल."

आई त्यावर हसली होती, पण काही बोलली नव्हती. आई घरी कमीच बोलायची. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसायची ती. दिवसभर लोक तिच्या कानात भांडायचे. नळाला पाणी नाही म्हणून भांडायचे आणि फार आलं म्हणूनही भांडायचे.

बाबांनी दोरी लावून, खडू घासत, मैदानाच्या मधोमध चौकोन आखला. आठ फूट लांब, सहा फूट रुंद. दारासाठी फट सोडली. वॉश बेसिनच्या जागी ऑफिसातलं स्टूल आलं, कमोडच्या जागी घडीची खुर्ची. शॉवरखालच्या ओल्या भागाच्या कडेला चार शंकू उभे राहिले.

आजी सरळ जाऊन घडीच्या खुर्चीवर बसली.

"आजी, तो कमोड आहे," भिंगरी म्हणाली.

"असू दे. इथे सावली आहे." आजीनं पदर सावरला. "आणि काय गं, याच्याशेजारी धरायला दांडी नाही?"

"मावशी, हे ताई आणि भाऊजींचं बाथरूम आहे," मामा म्हणाला.

"ती दोघं काय कायम पस्तिशीतच राहणार आहेत? दांडी हवी. आणि आंघोळीला बसायला एक ओटा. मी कधीतरी येईनच ना."

मामानं लिहून घेतलं. एवढं होतंय तोवर आत्या मोजपट्टी घेऊन बेसिनपाशी पोचली होती. आत्या बाबांची धाकटी बहीण. घटस्फोट घेऊन परत आली ती रडत नाही, तर मेकअपच्या दोन पेट्या घेऊन आली, आणि आता लग्नाच्या नवऱ्या सजवायची.

"आरसा इथून इथपर्यंत," तिनं दोन्ही हात पसरले. "आणि वर दिवे. पिवळे नकोत. पिवळ्यात माणूस काविळीचा दिसतो."

"बेबे, तुझ्या खोलीत आरसा आहे," बाबा म्हणाले.

"तिथे उजेड नाही. वहिनी काय मला नाही म्हणणार आहे?"

वहिनीकडे कुणी बघितलं नाही. वहिनी कुंपणाला टेकून उभी होती, हातात चहाचा थर्मास.

आत्या भिंगरीच्या कानाशी आली. "तुला टब हवाय ना? तू माझ्या आरशाला हो म्हण, मी तुझ्या टबाला म्हणते."

भिंगरीला टब हवाच होता. गळ्यापर्यंत पाण्यात पडून पुस्तक वाचायचं, हे तिचं फार जुनं, म्हणजे गेल्या महिन्यापासूनचं, स्वप्न होतं. तिनं लगेच हात मिळवला आणि स्पर्धेच्या आवाजात म्हणाली, "सन्माननीय सदस्यहो, आरसा ही चैन नाही, ती गरज आहे."

"आणि टब?" मामानं विचारलं.

"टब तर मूलभूत हक्क आहे."

बाबांनी कोपऱ्यातले जुने टायर ढकलत आणले आणि दोन ओळींत मांडले. मध्ये टब. भिंगरी ऐटीत आत आडवी झाली. डोकं टायरला टेकलं, हात पोटावर ठेवले, डोळे मिटले आणि पाय लांब केले. ते थेट आजीच्या खुर्चीखाली गेले.

"काय गं, लाथा मारतेस?" आजी म्हणाली.

"बघा," बाबा खूश होऊन म्हणाले. "कागदावर हे दिसलं असतं? कागदावर टब मस्त पार्क झाला होता."

"कागदावर तिला पाय नव्हते," मामा पुटपुटला.

टब गेला. टायर परत कोपऱ्यात गेले. भिंगरी उठून पाठीची माती झटकत होती आणि आत्यानं तिच्याकडे न बघता आरसा आणखी वीतभर वाढवून घेतला होता. राजकारण राजकारण म्हणतात ते हेच, भिंगरीला वाटलं. मग बाबांनी स्वतःसाठी रेडिओची फळी मागितली. आजीनं ओटा थोडा रुंद करून घेतला. आत्यानं बेसिनखाली पेट्यांसाठी कपाट घातलं. हळूहळू त्या आठ बाय सहात अख्खं घर येऊन बसलं. दोघांच्या बाथरूममध्ये सगळ्या घराच्या वस्तू झाल्या आणि ज्या दोघांचं ते, त्यातल्या एकीची एकही नव्हती.

हे भिंगरीच्या लक्षात आलं ते अगदी साध्या कारणानं. चौकोनात आता चौघं होते आणि चहा देणारीला आत पाय ठेवायला जागा नव्हती. ती रेषेबाहेरून एकेकाला कप देत होती. भिंगरीनं कप घेतला आणि विचारलं, "आई, तुला काय हवंय?"

"मला?" आईनं थर्मासचं झाकण फिरवलं. उगाचच फिरवलं, ते आधीच घट्ट होतं. "मला आतून कडी हवीय."

आत्याची मोजपट्टी सुर्रकन डबीत परत गेली.

बाहेरच्या माणसाला यात दचकण्यासारखं काय, असं वाटेल. पण या घरात बाथरूमला कडी नव्हती. कधीच नव्हती. आजोबांचा नियम होता: जो आत, तो गात. आत जाणाऱ्यानं गायचं, बाहेरच्यानं ऐकायचं आणि थांबायचं. भिंत धरून चालणाऱ्या पोरापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना हाच कायदा. बाबांची वर्षानुवर्षं एकच चाल, शब्द नसलेली. आजी काहीतरी गुणगुणायची. आत्या मालिकांची शीर्षकगीतं म्हणायची आणि भिंगरी वरच्या पट्टीत जे येईल ते. पाहुणे आधी लाजायचे, मग दुसऱ्या दिवशी फर्माईश घ्यायला लागायचे. शेजारी म्हणायचे की यांच्या घरी रोज सकाळी मैफल असते. सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक.

आई लग्न होऊन आली तेव्हा तीही गायची म्हणे. भिंगरीनं मात्र आठवतं तेव्हापासून आईचं गाणं ऐकलं नव्हतं. आई गाण्याऐवजी पाण्याचा मग बादलीवर वाजवायची. टक, टक. टक, टक. भिंगरीला आत्ता पहिल्यांदा सुचलं, की एका हातानं सारखा मग वाजवत माणूस तोंडाला साबण कसा लावत असेल.

"कडी?" आत्या हसली. "वहिनी, कुणाच्या भीतीनं? आम्ही काय दरोडेखोर आहोत?"

"भीती नाही गं, बेबी."

"मग? इतकी वर्षं कुणी दार उघडलंय तुझ्यावर?"

"नाही उघडलं," आई म्हणाली. "मी सारखी टकटक करत होते म्हणून नाही उघडलं."

बाबांनी खडू खिशात टाकला. त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. भिंगरीला तो पाय चांगला ठाऊक होता. दुसऱ्या ब्रेकचा पाय. जेवताना कुणी मोठ्यानं बोललं, टीव्हीवर कुणी कड्याजवळ गेलं, तरी टेबलाखाली तो पाय असाच दाबला जायचा.

"बाकी काय हवं ते माग," ते म्हणाले. "कडी नको."

"बाकी काही नकोय मला."

"अगं, पण आपल्या दोघांचंच आहे ना ते? तिथे कोण येणार आहे?"

आईनं चौकोनाकडे बघितलं. कमोडवर सासू, आरशापुढे नणंद, ओल्या भागात भाऊ. मामाला आपण शॉवरखाली उभे आहोत याची एकदम जाणीव झाली आणि तो रेषेबाहेर आला.

"एक मार्ग आहे," तो म्हणाला. "हल्ली एक कडी मिळते. आतून फिरवायची. पण बाहेरच्या बाजूला खाच असते, अडचण आलीच तर नाणं घालून उघडता येते."

"म्हणजे बाहेरून उघडते," आई म्हणाली.

"अडचण आली तर, ताई."

"आणि अडचण आली हे ठरवणार कोण? पाच मिनिटं आवाज आला नाही की यांचा हात नाण्यावर. मग मी परत टकटक करत बसणार." तिनं आवाज चढवला नव्हता. तक्रारींच्या फोनवर बोलायची तसंच बोलत होती, सावकाश, नीट. "मला गप्प बसायचंय. दिवसातून एकदा, थोडा वेळ. मी आहे, मी ठीक आहे, हे कुणाला न कळवता. एवढंच हवंय."

एरवी भिंगरी अशा वेळी मुद्दे मांडायला उभी राहिली असती. पण आईनं मागितलं होतं तेच मुळी गप्प बसणं, आणि त्याच्यावर भाषण कसं करणार?

बाबा शंकूवर हात ठेवून उभे होते. "तुला माहीत आहे ना काय झालं होतं ते."

माहीत नसायला काय झालं. आजोबांनी ती गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक पाहुण्याला सांगितली होती. बाबा चार वर्षांचे असताना बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि ती अडकली. आत अंधार. दिवा बाहेरून लागायचा आणि तोही त्या दिवशी लागत नव्हता. आजोबा सुताराला बोलवायला धावले. पण पोरगा असा धीराचा, की आत बसून गात राहिला. गाणं ऐकू येत होतं म्हणून आजीचा जीव थाऱ्यावर राहिला. शेवटी दार फोडलं. आजोबांनी त्याच संध्याकाळी कडी उपटून फेकून दिली आणि नियम केला. गोष्टीच्या शेवटी ते बाबांच्या पाठीवर थाप मारायचे आणि बाबा दरवेळी लाजून हसायचे.

"मी गात होतो म्हणून कळलं सगळ्यांना," बाबा म्हणाले. "गाणं थांबलं असतं तर? तू आत गप्प बसलीस की मला... मला नाही जमणार ते."

बाबांना कुणी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. आत्यानं हळूच आरशाची जागा सोडली. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आई. मधे उभी राहून भिंगरीला दोघांचंही बरोबर वाटत होतं. स्पर्धेत असं कधी व्हायचं नाही. तिथे एक बाजू वाटून दिलेली असायची.

मग तिला वाटलं, निदान प्रश्न तरी विचारावा. स्पर्धेत तिला तेवढं तरी पक्कं शिकवलं होतं. कुणी दाखला दिला, की तो कुठून आला ते विचारायचं.

"बाबा, कोणतं गाणं म्हणत होतात तुम्ही?"

"आता ते काय आठवतंय. चार वर्षांचा होतो."

"चालही नाही आठवत?"

"चाल येते. तीच, मी रोज म्हणतो ती." आणि त्यांनी दोन ओळी गुणगुणून दाखवल्या. तीच ती शब्द नसलेली, अर्ध्यावर घसरणारी चाल. घरातल्या भिंतींनाही पाठ झाली असेल.

खुर्चीवरून आजी म्हणाली, "ती माझी आहे."

"काय तुझी?"

"चाल. माझ्या आईनं शिकवलेली. तुला चौथ्या वर्षी कुठून येणार? तुला तेव्हा स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं." आजीनं चष्मा काढून पदरानं पुसला. "तू गात नव्हतास, बाळू. तू आधी रडलास आणि मग एकदम गप्प झालास. ते गप्प मला अजून आठवतं. मी दाराला गाल लावून बाहेर बसले आणि म्हणत राहिले. तू ऐकत होतास. मधे थांबले की आतून बोटानं खुडखुड करायचास, म्हण म्हणून. गात मी होते."

"पण दादा तर म्हणायचे..." आत्या म्हणाली. आजोबांना ती दोघं दादा म्हणत.

"ते घरात होते कुठे? सुताराकडे गेले होते. परत येतात तो गाणं चाललेलं. दार फुटायच्या गडबडीत त्यांना वाटलं, पोरगाच गातोय. आणि मग काय अभिमान, काय अभिमान. चार लोकांना सांगून मोकळे झाले. पोराचं कौतुक करतोय माणूस, मी कशाला मोडता घालू?" तिनं चष्मा परत लावला. "मग नियम केला. म्हटलं करू दे. आता आमच्या घराण्याचं गाणं होऊन बसेल, हे मला काय ठाऊक?"

बाबा शंकूवर बसले. शंकूवर बसता येत नाही. ते उठले आणि टायरवर जाऊन बसले.

मामा खाली बघत दोरी गुंडाळत होता, कारण हसावं की काय करावं ते त्याला कळेना. शेवटी आत्याच फुटली. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे उलट्या बाजूनं गातोय?"

"तू तर फारच," आजी म्हणाली. "त्या मालिका संपल्या तरी तू संपेनास."

आई मात्र हसत नव्हती. ती बाबांकडे बघत होती. थर्मास खाली ठेवून ती टायरांपाशी गेली आणि त्यांच्या शेजारी टेकली.

"तुम्हाला आठवतं आतलं?" तिनं विचारलं.

"खुडखुड आठवते," बाबा म्हणाले. "मला वाटायचं, ती बाहेरची."

भिंगरी जवळ आली. तिला खूप बोलायचं होतं, म्हणून तिनं थोडंच बोलायचं ठरवलं. हे तिच्यासाठी अगदी नवीन होतं.

"बाबा, तुमच्याकडे शिकणाऱ्याचं शेवटी काय करता?"

"म्हणजे?"

"गाडी यायला लागल्यावर. तेव्हाही तुम्ही शेजारीच बसता, ब्रेकवर पाय ठेवून?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग आपल्या उजव्या पायाकडे. तो अजून दाबलेलाच होता. "नाही," ते म्हणाले. "उतरतो मी. त्यांना एक चक्कर एकट्यानं मारू देतो."

"आणि तुम्ही?"

"कुंपणापाशी उभा राहतो. जीव मुठीत धरून."

"घाई नाही, घाई नाही करत," आई म्हणाली आणि सगळ्यांना हसू आलं, बाबांनासुद्धा.

ते उठले. खिशातून खडू काढला आणि चौकोनाच्या दारापाशी गुडघ्यावर बसले. जिथे फट होती तिथे त्यांनी दार आखलं, मामाच्या नकाशातल्याप्रमाणे बाहेर उघडणारं. आणि त्या दाराच्या आतल्या अंगाला त्यांनी एक छोटी, जाड रेघ ओढली. परत परत गिरवून चांगली पांढरी केली.

"बेबे, बाहेर ये," ते म्हणाले. "आई, तूही ऊठ."

"मी कमोडवर बसले आहे."

"कुणीतरी कमोड उचला मग."

आत्यानं आजीला हात दिला आणि मामानं खुर्ची उचलली. आजी जाताना म्हणाली, "दांडी तेवढी राहू दे हं. माझ्यासाठी नाही, सूनबाईसाठी. तीही म्हातारी होणारच आहे." आत्यानं आरसा अर्ध्यावर आणला. तेवढ्यावर आणला, पूर्ण नाही सोडला. भिंगरीनं ते बघितलं आणि मनातल्या मनात तिला दाद दिली.

चौकोन रिकामा झाला. बाबांनी बाजूला होत आईला हातानं वाट दाखवली.

"अहो, लोक बघतील कुंपणातून," आई म्हणाली.

"बघू दे. तू जाऊन बघ घासतंय का कुठे."

आई आत गेली. तिनं खडूचं दार हातानं ओढून घेतलं, जणू खरंच होतं तसं. मग वाकून ती जाड रेघ दोन बोटांनी सरकवली. भिंगरीला कडी लागल्याचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. आई ओट्याच्या जागी जमिनीवर बसली, पाठ भिंत नसलेल्या भिंतीकडे, आणि तिनं डोळे मिटले.

मैदानाबाहेरून एक सायकल गेली. आईचे खांदे, जे भिंगरीला कायम तसेच वर चढलेले वाटायचे, ते हळूहळू खाली आले. आई इतकी उंच मानेची आहे हे भिंगरीला माहीतच नव्हतं.

"मेहुण्या," बाबा अगदी हळू म्हणाले, "ती नाण्याची नको. साधीच बसव."

आतून, डोळे न उघडता, आई म्हणाली, "नाण्याचीच बसव रे. यांना झोप लागली पाहिजे. नाणं मात्र आईंकडे राहील."

"माझ्याकडे राहील," आजीनं बजावलं. "आणि मला लवकर सापडणार नाही."

बाबा दारापाशी उभे होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. उजवा पाय दाबला, उचलला, परत दाबला. भिंगरीला वाटलं आता विचारणार, ठीक आहेस ना. पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी खाली मान घातली आणि बाहेर उभं राहून ती चाल म्हणायला लागले, आजीची, अर्ध्यावर घसरणारी.

आईच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"बेसूर आहे," ती आतून म्हणाली.

"थांबू?"

"थांबू नका. जरा लांबून म्हणा."

मग आयुष्यभर लोकांना रिव्हर्स शिकवणारा तो माणूस, गात गात, मागे न बघता मागे सरकत गेला आणि थेट शंकूवर आपटला. शंकू लोळला, आजी हसली, आत्या हसली, भिंगरी तर पोट धरून खालीच बसली. आतूनही हसू आलं, मोठं, मोकळं, कुणी कधी न ऐकलेलं.

कडी मात्र उघडली नाही.